पहिली अणुचाचणी ‘निर्मनुष्य’ वाळवंटात?

१६ जुलै १९४५ ची पहिली अणुचाचणी निर्मनुष्य वाळवंटात झाली, कोणालाच झळ पोहोचली नाही, असं वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतं. फोटोत ओसाड माळ दिसतो, त्यामुळे ते पटतंही.

पण अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात त्या जागेपासून ३०-३५ किलोमीटरांच्या आतच गुरं राखणारी कुटुंबं राहत होती. कोणालाही आधी हलवलं नाही. नंतर लष्करानं ‘दारूगोळ्याचं कोठार उडालं’ एवढंच सांगितलं. राख पडल्याचं, छतावरून टाकीत साठवलेलं पाणी प्यायल्याचं तिथल्या वृद्धांनी ध्वनिमुद्रित मुलाखतींत सांगितलंय.

आठवणी दगा देतात, हा आक्षेप रास्तच. म्हणून पडताळा घ्यावा: तिथे कोण राहत होतं हे पाहायला १९४० च्या अमेरिकी जनगणनेची पानं ऑनलाइन खुली आहेत. त्या कुटुंबांपेक्षा दूरची, पण त्याच भागातली टुलारोसा, कॅरिझोझो ही गावंही नकाशावर शोधून अंतर मोजा. किरणोत्सारी राखेमुळे पाठीवरचे केस पांढरे पडलेल्या गुरांच्या नोंदी तर सरकारी कागदांतच आहेत.