लाळेवरची एचआयव्ही चाचणी: ‘निगेटिव्ह’ म्हणजे नक्की काय?

जुलै 2020 मध्ये औरंगाबादचा (आताचे छत्रपती संभाजीनगर) लॉकडाऊन उठला, दुकानदार-भाजीवाल्यांना कोरोनाची अँटीजेन चाचणी सक्तीची झाली आणि किटवरच्या रेघा वाचणे सगळ्यांनाच जमू लागले. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) तेव्हाच बजावले होते: पॉझिटिव्ह आली तर ग्राह्य धरा, लक्षणे असून निगेटिव्ह आली तर आरटीपीसीआर करा. एचआयव्हीच्या लाळचाचणीला हा हिशेब जसाच्या तसा लावता येत नाही. तिथे दोन्ही उत्तरे तपासून घ्यावी लागतात.

एचआयव्हीची पहिली रक्तचाचणी अमेरिकेत 1985 मध्ये मंजूर झाली. भारतात लागण उघड झाली ती 1986 मध्ये, चेन्नईत. लाळेवरच्या ओराक्विक या झटपट चाचणीला अमेरिकेने 2004 मध्ये परवानगी दिली, घरच्या घरी वापरायला 2012 मध्ये. यात टीबीच्या तपासणीसारखे डबीत थुंकायचे नसते. वरच्या आणि खालच्या हिरडीवरून पट्टी एकेकदा फिरवायची, द्रावणाच्या नळीत उभी ठेवायची आणि 20 ते 40 मिनिटांत निकाल बघायचा. पट्टी विषाणू शोधतच नाही. हिरडीतून पाझरणाऱ्या द्रवातल्या अँटीबॉडी, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने, शोधते. लाळेतून एचआयव्ही पसरत नाही, हे मात्र आजही सांगत बसावे लागते.

प्रशिक्षित हातांत या चाचणीने लागण झालेल्यांपैकी 99 टक्क्यांहून अधिक जण ओळखले. लोकांनी स्वतः केली तेव्हा आकडा 92 टक्क्यांवर आला, म्हणजे साधारण 12 बाधितांत एक निसटला. खोटी पॉझिटिव्ह 5000 निरोगी माणसांत जेमतेम एक. तरीही न्यूयॉर्कच्या सरकारी क्लिनिकांत 2005 नंतर खोट्या पॉझिटिव्हची अशी लाट आली की लाळ थांबवून बोटाच्या रक्तावर यावे लागले. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये स्वचाचणीची शिफारस केली, पण पॉझिटिव्ह आल्यास पुन्हा तपासणीची अट घालूनच.

निगेटिव्हचा खरा घोळ काळाचा आहे. अँटीबॉडी तयार व्हायला आठवडे लागतात, लाळेत त्या रक्तापेक्षा उशिरा सापडतात; म्हणून संभाव्य लागणीनंतर तीन महिने उलटेपर्यंत निगेटिव्ह पक्की धरत नाहीत. बीड-धाराशिवकडचा ऊसतोड मजूर मार्च-एप्रिलमध्ये गावी परततो. फेब्रुवारीत लागण झाली असेल, तर आल्या आल्या केलेली लाळचाचणी त्याला सहज निगेटिव्ह सांगू शकते. सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्रात) तपासणी मोफत होते, रक्तावर होते, आणि तीन वेगवेगळ्या किटवर जुळल्याशिवाय कुणाला पॉझिटिव्ह म्हणत नाहीत.