पाळकीय मैत्री

ख्रिस्ती मंडळीचा पाळक आणि त्याच्या देखरेखीतली माणसे, तसेच पाळक आणि त्याचे सहपाळक यांच्यात सेवेच्या ओघात जुळणारा स्नेहसंबंध. उपदेश, संस्कार, शिक्षण, कारभार ही पाळकीय सेवेची अंगे दीक्षाविधीतच नेमून दिलेली असतात. मैत्री कोणी नेमून देत नाही. तरीही आजाऱ्याची भेट, दफनानंतरचे आठवडे, घरातल्या भांडणातली मध्यस्थी ही कामे चालतात तिच्याच जोरावर, आणि पाळक अडचणीत येतो तोही बहुधा तिच्याच वाटेने.

संज्ञा : ‘पाळक’ हा शब्द ‘पाळणे’ या क्रियापदावरून आलेला असून ग्रीक ‘पोइमेन’ व लॅटिन ‘पास्तोर’ या मेंढपाळवाचक शब्दांचा तो प्रतिशब्द आहे. ‘पाद्री’ हा शब्द पोर्तुगीज ‘पाद्रे’ म्हणजे ‘पिता’ यावरून मराठीत आला. एका शब्दात कळप राखणारा, दुसऱ्यात बाप. मित्र दोन्हींत नाही. यहेज्केल ३४ मध्ये कळपाऐवजी स्वतःचेच पोट भरणाऱ्या मेंढपाळांवर कोरडे ओढले आहेत, तर १ पेत्र ५ मध्ये वडिलांनी कळपावर धनीपणा न करता त्याला कित्ता व्हावे असे सांगितले आहे. दोन्हीकडे संबंध उतरंडीचाच आहे. इफिसकरांस पत्र ४:११ मध्ये पाळक व शिक्षक हे दोन शब्द मुळात एकाच उपपदाखाली येतात. त्यामुळे ते एकच पद की दोन, असा वाद आहे. शब्द अनेकवचनी असल्याने केवळ उपपदावरून निर्णय करता येत नाही. दोन कामे परस्परांत बरीच मिसळलेली होती, एवढे म्हणणे सुरक्षित.

मैत्रीचा धागा येतो तो योहानाच्या शुभवर्तमानातून. योहान १५:१५ मध्ये येशू शिष्यांना दास न म्हणता मित्र म्हणतो, कारण पित्याकडून ऐकलेले सर्व त्याने त्यांना कळवले आहे. मित्रपणाची खूण म्हणून इथे प्रेमाइतकीच गुपिताची वाटणी पुढे येते, ही गोष्ट पुढच्या चर्चेत अनेकदा निसटते.

योहान २१:१५–१७ वर भाष्यकारांनी याहून बरीच जास्त शाई खर्च केली आहे. ‘माझ्यावर प्रीती करतोस काय’ हे विचारताना पहिल्या दोन वेळा ‘अगापान’ व तिसऱ्यांदा ‘फिलेइन’ हे क्रियापद आहे. पेत्राचे उत्तर मात्र तिन्ही वेळा ‘फिलेइन’नेच येते. एकोणिसाव्या शतकातील काही भाष्यकारांनी यात दैवी प्रीती आणि मित्रप्रेम असा दर्जाचा फरक वाचला, आणि उपदेशपीठांवर तो आजही लोकप्रिय आहे. परंतु याच वचनांत ‘कोकरे’ व ‘मेंढरे’, ‘चारणे’ व ‘पाळणे’ असेही शब्दपालट आहेत. पित्याच्या पुत्रावरील प्रीतीसाठी ३:३५ मध्ये पहिले, तर ५:२० मध्ये दुसरे क्रियापद आले आहे. लाजराच्या बाबतीतही ११:३ व ११:५ मध्ये दोन्ही भेटतात. तेव्हा हा लेखकाच्या शैलीतला पालट मानण्याकडे अलीकडच्या बहुतेक अभ्यासकांचा कल आहे, आणि तो अधिक सयुक्तिक वाटतो. या उताऱ्यावर ‘मैत्री ही पाळकाची दुय्यम प्रीती’ असा सिद्धान्त उभारता येत नाही.

पौलाच्या पत्रांत तत्त्वचर्चा नाही, माणसांची नावे आहेत. रोमकरांस पत्र १६ मध्ये चोवीस जणांना नावानिशी सलाम आहे. २ तीमथ्य ४ मध्ये देमास सोडून गेला, जवळ एकटा लूक आहे, त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा आणि पुस्तके, विशेषतः चर्मपत्रे, घेऊन ये, अशा सूचना आहेत. हे पत्र पौलाचे स्वतःचे की त्याच्या परंपरेतल्या कोणाचे, यावर एकमत नाही. पण पाळकाच्या एकटेपणाचे इतके घरगुती चित्र नव्या करारात दुसरे नाही. पौल व बर्णबा यांची फारकत (प्रेषितांची कृत्ये १५:३९) मार्काला सोबत न्यावे की नाही यावरून झाली. तिथे सिद्धान्ताचा प्रश्न नव्हता, सहकारी निवडण्याचा होता.

आद्य मंडळीतील विचार : चौथ्या शतकात पाळकपदावर जे लेखन झाले त्याच्या मुळाशी दोनदा दुखावलेली मैत्री आहे. बेसिल (सु. ३३०–३७९) व नाझियान्झसचा ग्रेगरी हे अथेन्समधले सहाध्यायी. बेसिल ३७० मध्ये कप्पदुकियातील (आजच्या तुर्कस्तानातील) कैसरियाचा बिशप झाला. लवकरच सम्राट व्हॅलेन्सने प्रांताचे विभाजन केले आणि टायानाचा बिशप अँथिमस प्रतिस्पर्धी म्हणून उभा राहिला. आपले क्षेत्र टिकवण्यासाठी बेसिलने नवी बिशपपदे निर्माण केली व सु. ३७२ मध्ये ग्रेगरीला सासिमा या रस्त्यांच्या तिठ्यावरच्या धुळकट ठाण्यावर नेमले. ग्रेगरीने तिथला कारभार बहुधा कधीच हाती घेतला नाही. मित्राला प्यादे केल्याचा सल त्याच्या आत्मचरित्रपर काव्यात उमटला आहे; सु. ३८२ मधल्या बेसिलच्या गौरवभाषणात अपार स्तुती आहे, पण हा प्रसंग तिथेही सुटलेला नाही.

दुसरे उदाहरण पुढे कॉन्स्टँटिनोपलचा बिशप झालेल्या जॉन ख्रिसोस्तोमच्या याजकपदावरील सहा भागांच्या संवादाचे. जॉन व त्याचा मित्र बेसिल दोघांवर दीक्षेची वेळ येते; दोघांनी मिळून काय ते ठरवायचे असा करार असतो; जॉन लपून बसतो, आणि तो तयार झाला आहे अशा समजुतीने बेसिल दीक्षा घेतो. पुढचा सारा ग्रंथ त्या फसवणुकीच्या समर्थनातून उलगडतो. हा बेसिल कोण, हे ठरलेले नाही. पाचव्या शतकातील मंडळीचा इतिहासकार सॉक्रेटिस याने त्याला वर आलेला कैसरियाचा बेसिल मानले. कैसरियाचा बेसिल जॉनहून एका पिढीने मोठा असल्याने हे अशक्य आहे. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेस उपस्थित असलेला सिरियातील रफानियाचा बिशप बेसिल हा पर्याय पुष्कळांनी सुचवला; नामसाम्यापलीकडे त्याला आधार नाही. प्रसंगच संवादाच्या सोयीसाठी रचलेला असावा, असेही एक मत असून ते टाकाऊ नाही. ग्रंथरचनेचा काळ सॉक्रेटिस जॉनच्या डिकनपदाच्या वर्षांत (३८१–३८६) ठेवतो; आधुनिक अभ्यासक तो सु. ३८८–३९१ असा पुढे आणतात. समकालीन लेखक जेरोमने ३९२–३९३ च्या सुमारास त्याचा उल्लेख केल्यामुळे उत्तरमर्यादा मात्र पक्की आहे.

मठजीवनात दोघांपुरत्या ‘खास मैत्री’कडे संशयाने पाहिले जाई. कैसरियाच्या बेसिलच्या मठनियमांत गटबाजीचे मूळ म्हणून तिला मनाई आहे. मठवासी लेखक जॉन कॅसियनने पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्या सोळाव्या संवादात मैत्रीला स्थान दिले, पण क्रोधावर ताबा या अटीवर. मोकळेपणाने तिची बाजू घेतली ती इंग्लंडमधील रीव्हो मठाचा ११४७ पासूनचा मठाधिपती एलरेड (मृ. ११६७) याने. रोमन वक्ता सिसरो याच्या मैत्रीवरील विवेचनाला ख्रिस्ती वळण देत तो निवड, पारख, स्वीकार आणि पूर्ण एकमत अशा चार पायऱ्या सांगतो. मैत्री मोडणारे पाच दोष त्याच्या मते निंदा, हिणवणे, गर्व, गुपित फोडणे आणि पाठीमागून घाव घालणे हे होत. दुसरी पायरी, पारख, हीच पाळकांकडून सर्वांत जास्त वेळा गाळली जाते. नव्या मंडळीत पहिल्या महिन्यात जो सर्वाधिक आपुलकीने पुढे येतो तो अनेकदा आधीच्या पाळकाशी बिनसलेला असतो, आणि ऐकणारा कान शोधत असतो.

भेटींची व्यवस्था : सेवेतल्या मैत्रीचे मुख्य माध्यम गृहभेट. इंग्रज पाळक रिचर्ड बॅक्स्टरने १६५६ मध्ये आपल्या किडरमिन्स्टर गावच्या मंडळीचा जो हिशेब दिला आहे तो अजून कामाचा आहे : तो व त्याचा सहायक सोमवारी व मंगळवारी सकाळपासून जवळजवळ रात्रीपर्यंत बसून आठवड्याला पंधरा-सोळा कुटुंबांना शिकवत, म्हणजे आठशेवर कुटुंबांची फेरी वर्षभरात पुरी होई. हे दोघांचे, पूर्ण दोन दिवसांचे काम होते. एकट्या पाळकाने तोच आकडा डोळ्यांपुढे ठेवला तर भेटीची हजेरी होते. आठवड्याला चार नियमित भेटी धरल्या तर पन्नास आठवड्यांत दोनशे घरे होतात. आजारपण व मृत्यू यांच्या भेटी यात धरायच्या नाहीत, कारण त्या कोणतेच वेळापत्रक मानत नाहीत.

साध्या गृहभेटीला तीस ते पंचेचाळीस मिनिटे पुरतात. कधी येऊ हे आधी विचारावे, घरातल्या सर्वांशी एकेक वाक्य तरी बोलावे, प्रार्थनेपूर्वी ‘कशासाठी प्रार्थना करू?’ असे विचारावे. ज्या कारणासाठी बोलावले ते बहुतेक वेळा उठताना, दारापाशी सांगितले जाते. म्हणून पुढच्या घरी जायची वेळ अगदी लगटून ठरवू नये. रुग्णालयात दहा-पंधरा मिनिटे पुरेत. आधी परिचारिकेला विचारून आत जावे, आत शिरताना व बाहेर पडताना हात धुवावेत, खाटेवर न बसता रुग्णाच्या नजरेच्या पातळीवर खुर्ची घ्यावी, निदान व औषधे यांवर मत देऊ नये. झोपलेल्या रुग्णाला उठवू नये, चिठ्ठी ठेवावी. रुग्ण बेशुद्ध असला तरी त्याच्याविषयी त्याच्यासमोर कुजबुजणे ही नेहमीची चूक.

शोकाच्या घरी उलट अडचण असते. पहिल्या आठवड्यात माणसांची रीघ लागते आणि महिन्याभरात ओसरते. म्हणून दफनाच्या दिवशीच वहीत पुढच्या तारखा टाकाव्यात : तिसरा-चौथा आठवडा, मृताचा वाढदिवस, पहिला नाताळ, पहिले वर्ष. ‘काही लागले तर कळवा’ म्हणून निघून आल्यास सहसा कोणी कळवत नाही.

भेटवही हे या सेवेतले सर्वांत साधे आणि सर्वांत दुर्लक्षित साधन. तारीख, घर, भेटीचे निमित्त, पुढे काय करायचे एवढे चार रकाने पुरतात. ऐकलेले गुपित तिच्यात लिहू नये, कारण वही पुढच्या पाळकाच्या हाती जाते. दर तीन महिन्यांनी ती मागे उलटून पाहिली की पक्षपात उघडा पडतो. तीच पाच-सहा घरे पुनःपुन्हा, बहुधा जिथे गप्पा रंगतात ती. आणि दोन-तीन नावे एकदाही नाहीत, बहुधा मागच्या सभेत विरोधात बोललेल्यांची.

मर्यादा : पाळकाने मंडळीत जवळचे मित्र करावेत की नाही, यावर दोन मते आहेत. एक मत सरळ नकार देते : मैत्रीला बरोबरी लागते, आणि जो उद्या शिस्तीची कारवाई करील किंवा विवाहविधीस नकार देईल तो बरोबरीचा नसतो. दुसरे मत असे, की मित्रच नसलेला पाळक लोकांना उपयोगाचा राहत नाही. अनुभवी पाळकांचा व्यवहार दोहोंच्या मधला दिसतो : मैत्री असावी, पण तिच्यासाठी पदाची कामे वाकवू नयेत. मित्राचे पगार, नेमणूक किंवा तक्रार यांसंबंधीचे प्रकरण समितीपुढे आले तर पाळकाने ते अध्यक्षपद त्या विषयापुरते दुसऱ्याकडे द्यावे. गरजूला मदत स्वतःच्या खिशातून उसनी न देता मदतनिधीतून, दोन सह्यांनी द्यावी. उसने घेणारा परतफेड लांबली की आधी उपासनेला येणे थांबवतो, पैशाचा विषय मागाहून निघतो. रोख भेट मिळाल्यास तिची नोंद करावी. पाळकाच्या जोडीदारामार्फत निरोप व गाऱ्हाणी स्वीकारू नयेत. एकट्या व्यक्तीशी संभाषण करायचे असल्यास दार उघडे किंवा काचेचे असावे आणि इमारतीत तिसरे कोणी असावे. हा नियम स्त्री-पाळकांनाही तितकाच लागू आहे.

गुप्ततेचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा. १२१५ च्या चौथ्या लॅटेरन परिषदेने (नियम २१) पापनिवेदनातील मजकूर फोडणाऱ्या धर्मगुरूस पदच्युत करून आजन्म प्रायश्चित्तासाठी मठात ठेवावे असे ठरवले. १९८३ च्या रोमन कॅथलिक धर्मसंहितेत (नियम ९८३) ही मोहर, म्हणजे पापनिवेदनाच्या गुप्ततेचे बंधन, अभंग म्हटली आहे. चर्च ऑफ इंग्लंडच्या १६०३ च्या नियमावलीतही (नियम ११३) तसे बंधन आहे. मात्र ही मोहर पापनिवेदनाच्या संस्कारापुरती असते. ओट्यावर बसून मित्र म्हणून सांगितलेली गोष्ट तिच्यात येत नाही. बोलणाऱ्याला हा भेद ठाऊक नसतो. शिवाय बालकांवरील अत्याचाराची माहिती अधिकाऱ्यांना कळवणे अनेक देशांच्या कायद्यांत बंधनकारक आहे. म्हणून ‘कोणाला सांगणार नाही ना?’ या प्रश्नावर ऐकण्यापूर्वीच बिनशर्त हो म्हणू नये. ‘कोणाच्या जिवाला किंवा मुलाला धोका असेल तर मला गप्प राहता येणार नाही’ एवढे आधी सांगितले तरी बहुतेक जण बोलतातच. गुप्तता सर्वांत जास्त वेळा फुटते ती सार्वजनिक प्रार्थनेत : ‘अमुक कुटुंबाच्या घरातल्या अडचणीसाठी’ एवढ्या शब्दांनी सगळ्या मंडळीला सुगावा लागतो.

सहपाळकांची मैत्री : मंडळीबाहेरची मैत्री बहुधा इतर पाळकांशी असते. सहा ते आठ जणांचा, महिन्यातून एकदा भेटणारा गट टिकतो. दहाच्या वर माणसे गेली की भाषणे सुरू होतात. प्रकरण मांडताना नाव, गाव व व्यवसाय बदलावा. एकाच भागातल्या मंडळ्यांचे पाळक असतील तर एवढ्यानेही माणूस ओळखू येतो, तेव्हा ते प्रकरण तिथे मांडूच नये. सभासदसंख्येची तुलना सुरू झाली की गटातला मोकळेपणा जातो.

बदली व निरोप : चर्च ऑफ इंग्लंडमधून निघालेल्या मेथडिस्ट पंथाच्या १७८४ च्या घोषणापत्राने उपदेशकाला एका ठिकाणी सलग तीन वर्षांहून अधिक नेमण्यास बंदी केली (चर्च ऑफ इंग्लंडचे दीक्षित धर्मगुरू त्यास अपवाद). यामागे शिस्तीचा विचार मुख्य असला, तरी व्यक्तीभोवती मंडळी गोळा होऊ नये हा परिणामही त्यातून साधला. बदलीनंतर जुन्या मंडळीतले विवाह व दफन नव्या पाळकाच्या निमंत्रणाशिवाय करू नयेत, हा संकेत जवळजवळ सर्व संप्रदायांत आहे. तो मोडतो कुटुंबाच्या आग्रहामुळे : ‘बाप्तिस्मा तुम्हीच दिलात, लग्नही तुम्हीच लावा.’ अशा वेळी नकार फोनवरच, त्याच दिवशी द्यावा आणि नव्या पाळकाला स्वतः कळवावे. ‘बघू, विचारतो’ म्हटले की नकाराचे खापर नव्या पाळकावर फुटते. पत्रे व वाढदिवसाच्या शुभेच्छा यांना हरकत नसते. नव्या पाळकाविषयीची तक्रार कानावर आली की ती तिथेच थांबवावी लागते, आणि हे निरोपसमारंभापूर्वीच जवळच्या दोन-तीन घरांना सांगून ठेवणे सोयीचे पडते. भेटवही, किल्ल्या व मदतनिधीचा हिशेब लेखी पोच घेऊन सोपवतात.