पार्श्वभूमी : जर्मन कॉन्सर्ट टेनर, आणि आखूड-लांब सुरांचा वाद

टेनर म्हणजे पुरुषांचा उंच आवाज, पण जर्मनीत कॉन्सर्ट टेनर म्हटलं की ऑपेरातला हीरो डोळ्यासमोर आणायचा नाही. हा गायक वेशभूषा न करता साध्या काळ्या कपड्यांत, हातात वही धरून ऑर्केस्ट्रासमोर उभा राहतो, आणि त्याचे सगळ्यात धावपळीचे दिवस म्हणजे गुड फ्रायडेच्या आधीचे काही आठवडे आणि मग डिसेंबर. कारण त्याची ओळख ज्यावर ठरते ते काम म्हणजे अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार बाख याच्या पॅशनमधला (येशूच्या शेवटच्या दिवसांवरचं गायक आणि ऑर्केस्ट्राचं मोठं काम) इव्हँजेलिस्ट, म्हणजे ती गोष्ट बायबलच्याच शब्दांत सांगणारा निवेदक. याच कामातले काही टेनर गाता गाता अभ्यासक पण झाले, जुनी हस्तलिखितं चाळायला लागले, एडिशन काढायला लागले. हे असं का झालं त्याची ही पार्श्वभूमी.

टेनर हा शब्द लॅटिनमधल्या "धरून ठेवणे" या क्रियापदावरून आलाय, मध्ययुगात मूळ चाल धरून ठेवणारा आवाज तो टेनर. बाखच्या काळात, म्हणजे 1724 ला जॉन पॅशन आणि 1727 ला मॅथ्यू पॅशन (बायबलमधल्या जॉन आणि मॅथ्यूच्या पुस्तकांवरून) लाइपझिगमध्ये झाली तेव्हा कॉन्सर्ट टेनर असा वेगळा धंदाच नव्हता, कारण ही कॉन्सर्ट नव्हती, चर्चमधली प्रार्थना होती. बाखनंतर या पॅशन लाइपझिगबाहेर जवळपास कोणी ऐकल्याच नाहीत. मग 11 मार्च 1829 ला वीस वर्षांच्या मेंडेलसोन या संगीतकारानं बर्लिनमध्ये एका हौशी गायकमंडळाला घेऊन मॅथ्यू पॅशन पुन्हा उभी केली, बरीच कापून, आणि त्या दिवशी इव्हँजेलिस्ट गायला तो टेनर बर्लिनच्या ऑपेरातलाच होता. तोपर्यंत ऱ्हाईनकाठच्या गावांमधे मोठमोठ्या गायनमंडळांचे वार्षिक उत्सव सुरू झालेच होते (1818 पासून), त्यांना सोलो गायक लागायचे, आणि हळूहळू फक्त असेच कार्यक्रम करणारे गायक तयार झाले.

इथे एक गैरसमज. जर्मन गायकांच्या नावामागे "कामरझेंगर" अशी पदवी दिसते आणि पुष्कळांना वाटतं की तोच कॉन्सर्ट गायक. तसं नाहीये. कामर म्हणजे राजवाड्यातली खोली, त्या खोलीत राजासाठी गाणारा तो कामरझेंगर, पुढे ती मानाची पदवी झाली, 1918 ला राजे गेल्यावर सरकारं द्यायला लागली, आणि ती मिळालेले बरेचसे ऑपेराचे आहेत.

आता मुख्य गोष्ट. इव्हँजेलिस्टचं गाणं बहुतांश रेसिटेटिव्ह आहे, बोलणं आणि गाणं यांच्या मधलं काहीतरी, खाली फक्त ऑर्गन आणि चेलोचा आधार. आणि हे कागदावर जसं लिहिलंय तसं गायचं नसतं! बाखच्याच काळातल्या टेलीमान या संगीतकारानं 1725 च्या सुमारास आपल्या कँटाटांच्या (चर्चसाठीच्या छोट्या गायनरचना) संग्रहाच्या प्रस्तावनेत उदाहरणं देऊन सांगितलंय की वाक्याच्या शेवटी लिहिलेल्या स्वराऐवजी वरचा किंवा शेजारचा स्वर लावून मग खाली यायचं. म्हणजे जो टेनर फक्त छापील वही वाचतो तो चुकतो. अभ्यास करणं ही इथे हौस नव्हती, पहिलं पान गाण्यासाठीच त्याची गरज होती.

सगळ्यात मोठं भांडण मात्र खालच्या आधाराचं. 1736 च्या सुमारास बाखनं मॅथ्यू पॅशनची सुंदर स्वच्छ प्रत स्वतःच्या हाताने काढली, बायबलचे शब्द लाल शाईत. त्या स्कोअरमधे (सगळे आवाज आणि वाद्यं एकत्र लिहिलेली वही) इव्हँजेलिस्टखालचे बासचे सूर लांब लिहिलेत, पुढचा सूर येईपर्यंत धरलेले. पण वादकांसाठी काढलेल्या वेगवेगळ्या पार्टमधे तेच सूर आखूड आहेत, एक ठोका आणि मग शांतता. दोन्ही कागद बाखच्याच हयातीतले, त्याच घरातले. मग खरं कुठलं?

एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न कोणी फारसा विचारलाच नाही. बाखचं सगळं संगीत छापायचा प्रकल्प 1850 ला सुरू झाला आणि शतकाच्या शेवटापर्यंत 46 खंड निघाले, त्यात मॅथ्यू पॅशन लवकरच आली, स्कोअरप्रमाणे लांब सुरांची, आणि पुढची शंभर वर्षं लोकांनी ऑर्गनचे जाड लांब सूर धरून ठेवले. मेंडेलसोननं 1829 ला रेसिटेटिव्हला पियानो वापरला होता आणि 1841 ला लाइपझिगमध्ये दोन चेलो आणि एक डबल बास, म्हणजे तोही चाचपडतच होता. 1950 च्या आसपास संशोधकांनी पार्टमधल्या आखूड सुरांकडे बोट दाखवलं, आणि अठराव्या शतकातल्या वाजवणाऱ्यांच्या पुस्तकांमधे पण हात लवकर उचलायच्या सूचना सापडतात. मग 1970 ला व्हिएन्नाच्या जुन्या वाद्यांवर वाजवणाऱ्या एका ग्रुपनं मॅथ्यू पॅशन रेकॉर्ड केली आणि आखूड सूर हळूहळू जवळपास नियमच झाला, जॉन पॅशनमधे पण, ख्रिसमस ऑरेटोरिओमधे पण (येशूच्या जन्मावरचं बाखचं तसंच मोठं काम).

इथे मला थांबावंसं वाटतं. कारण मूळ पार्टमधला तो आखूड सूर मॅथ्यू पॅशनचा आहे, आणि मॅथ्यू पॅशनला त्याचं खास कारण आहे. तिथे येशू बोलतो तेव्हा त्याच्याभोवती व्हायोलिनचे लांब सूर असतात, तेजोवलय म्हणतात त्याला. इव्हँजेलिस्टखाली पण ऑर्गन लांब धरला तर ते वलय वेगळं दिसणारच नाही, म्हणून बाकीच्यांना कोरडं ठेवलं असणार. जॉन पॅशनमधे असं वलयच नाही, तर तिथे तो नियम आपोआप कसा लागू होतो? एका कामासाठी घेतलेला निर्णय सगळीकडे लावला गेला असं माझं स्पष्ट मत आहे, आणि आता काही जण जॉनमधे पुन्हा सूर धरायला लागलेत हे मला बरं वाटतं. टेनरसाठी हा नुसता पुस्तकी वाद नाही, खाली शांतता असेल तर शब्द धावतो, सूर धरलेला असेल तर त्याच्यावर टेकून थांबता येतं. पूर्ण गोष्ट सांगायची पद्धतच बदलते.

विसाव्या शतकातल्या टेनरांच्या आयुष्यात हे सगळं दिसतं. अमेरिकेत न्यू जर्सीत 1875 ला जन्मलेला एक टेनर बर्लिनमधे बाखचा जाणकार म्हणून नावाजला, जुनं संगीत संपादित केलं, आणि म्हातारपणी 1941 ला त्याच्याकडे सोळा वर्षांचा एक मुलगा शिकायला आला जो पुढे लीड (जर्मन कवितांना चाल लावलेली गाणी) गाणारा जगातला सगळ्यात प्रसिद्ध गायक झाला. पण तेच दिवस नाझींचे, ज्यू गायक आणि ज्यू संशोधक तोपर्यंत स्टेजवरून आणि विद्यापीठांतून हाकलले गेले होते, हेंडेल या संगीतकाराच्या ऑरेटोरिओंमधले (बहुतेक बायबलमधल्या गोष्टींवरच्या मोठ्या गायनरचना) ज्यू संदर्भ काढून नवे शब्द घातले जात होते. ज्यांनी जुन्या वह्या शोधून दिल्या त्यांच्याच माणसांना त्या गाता येऊ नयेत, यावर पुरेसं लिहिलं जात नाही.

युद्धानंतरची मोठी गोष्ट ड्रेस्डेनची. 13 फेब्रुवारी 1945 च्या बॉम्बहल्ल्यात तिथल्या चर्चच्या मुलांच्या गायकमंडळातली 11 मुलं गेली, आणि उन्हाळ्यात ते मंडळ पुन्हा सुरू झालं तेव्हा माइसेनकडचा दहाएक वर्षांचा एक मुलगा तिथे होता, पीटर श्रायर. आधी आल्टो (मुलांच्या आवाजातला खालचा) गायला, आवाज फुटल्यावर टेनर झाला. पूर्व जर्मनीत राहून तो जगभर फिरला, आणि 1980 च्या दशकात त्यानं पॅशन रेकॉर्ड केल्या त्या स्वतः इव्हँजेलिस्ट गात आणि स्वतःच ऑर्केस्ट्रा चालवत. म्हणजे खालचा सूर किती लांब धरायचा हे गाणाराच ठरवणार, दुसऱ्या कोणाला विचारायचं नाही. 2005 च्या डिसेंबरमधे प्रागला ख्रिसमस ऑरेटोरिओ करून तो थांबला, 2019 ला नाताळच्याच दिवशी गेला.

श्रायरच्या मॅथ्यू पॅशनमधे शेवटाकडची जागा ऐका. येशू "एली, एली" म्हणतो तेव्हा व्हायोलिन थांबतात, वलय जातं, आणि लगेच इव्हँजेलिस्ट त्याच शब्दांचा अर्थ जर्मनमधे सांगतो, तीच चाल, फक्त चार सूर वर.