एवढा टाइट मोजा घातला तर रक्त थांबणार नाही काय?

दुकानात स्टॉकिंग, म्हणजे फुगलेल्या शिरांसाठी पायात घालायचा घट्ट लांब मोजा, दाखवला की कोणी ना कोणी हे विचारतेच. प्रश्न बरोबर आहे, म्हणून हा कागद छापला.

हृदय एका ठोक्याला साधारण 70 मिली रक्त ढकलते, मिनिटाला 70 ठोके धरा, झाले पाच लिटर, म्हणजे अंगातलं जवळपास सगळं रक्त मिनिटभरात एक चक्कर मारून येते. फुफ्फुस, ऑक्सिजन वगैरे शाळेत झालंच आहे, ते सोडा. पायापर्यंत उतरणं सोपं, मागून जोर असतो. पण बारीक केशवाहिन्यांतून निघेपर्यंत तो जोर संपत येतो, आणि आता त्याच रक्ताला घोट्यापासून छातीपर्यंत चढायचं असते, तेही लिफ्ट नसताना.

ते काम पोटरी करते. चाललं की पोटरी आवळते, आतल्या शिरा दाबल्या जातात, रक्त वर सरकते, आणि शिरेतल्या झडपा वरच्याच बाजूला उघडतात म्हणून ते परत खाली येत नाही. पटत नसेल तर हात खाली सोडा, फुगलेली एखादी शीर मनगटाकडे एका बोटानं दाबून धरा आणि दुसऱ्या बोटानं रक्त कोपराकडे पुसत न्या. वरचं बोट उचला, शीर झडपेपर्यंत रिकामीच राहते. खालचं उचला, लगेच भरते. विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरनं 1628 साली पुस्तकात चित्रं काढून हेच दाखवलं, तोपर्यंत डॉक्टर लोकही समजत की रक्त लिव्हरमध्ये बनते आणि अंगात खर्च होऊन जाते.

आता नागपूरच्या गांधीबागेत कापडाच्या दुकानात दिवसभर उभा राहणारा माणूस घ्या. पाय जमिनीवर, पोटरी गप्प, रक्त खाली साचते, शीर ताणते, झडपेच्या दोन पाकळ्या एकमेकींना लागत नाहीत, मग त्या हिरव्या-निळ्या वाकड्या शिरा दिसतात. त्यात आपला मे महिना! उन्हानं शिरा अजून फुगतात, संध्याकाळी चप्पलचा पट्टा रुततो.

स्टॉकिंग घोट्याला सगळ्यात घट्ट असतो, वर जाता जाता सैल. शीर बारीक होते, पाकळ्या जवळ येतात, रक्त उलट लवकर चढते. पण बिघडलेली झडप यानं नवी होत नाही, आम्ही विकतो तरी सांगून राहिलो. चालणं सोडू नका, उभं राहावंच लागत असेल तर मधून मधून टाचा उचला.

सकाळी पलंगावरून उतरायच्या आधीच घाला. वरून दुमडू नका, एक काकू लांब होतो म्हणून दुमडायच्या, तिथे दोरी बांधल्यासारखा वळ उठला, तेव्हा मात्र रक्त खरंच अडते.

धमनीत, म्हणजे पायाकडे रक्त आणणाऱ्या नळीत, अडथळा असेल किंवा शुगरमुळे पाय बधिर असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका. एकच पाय अचानक सुजला, दुखून राहिला, गरम लागते, तर आमच्याकडे येऊच नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि माप द्यायला सकाळीच या, संध्याकाळी पाय सुजलेला असतो, मोजा एक साइज मोठा जातो.