‘बिचोते’ ते ‘बिचोता’: रेगेटॉनमधल्या रस्त्याची पार्श्वभूमी

रेगेटॉन या स्पॅनिश भाषेतल्या नाचाच्या संगीताच्या गाण्यांत ‘काये’, म्हणजे रस्ता, हा शब्द सतत येतो. प्युर्तो रिकोत, म्हणजे अमेरिकेच्या ताब्यातल्या कॅरिबियन बेटावर, त्याचा रोख बहुतेकदा ‘कासेरिओ’कडे, म्हणजे सरकारी स्वस्त घरांच्या वसाहतींकडे असतो. पनामातलं स्पॅनिश रेगे आणि जमैकन ठेका ही या संगीताची पूर्वपीठिका.

१९९३ मध्ये तिथल्या गव्हर्नरने ‘मानो दुरा’, म्हणजे कठोर हाताचं धोरण आणलं. अमली पदार्थांचा धंदा मोडायचा म्हणून सशस्त्र जवान या वसाहतींत घुसले. भोवती कुंपणं आली, फाटकांवर चौक्या बसल्या. १९९५ मध्ये पोलिसांनी सॅन हुआनमधल्या दुकानांतून या गाण्यांच्या कॅसेटी अश्लील म्हणून उचलून नेल्या. आपल्याच घरी जाताना चौकीवर थांबणाऱ्या पोरांनी पोलिसांवर गाणी रचली, याचं नवल त्यांनाच वाटावं ज्यांनी चौक्या बसवल्या.

गाण्यांतली महत्त्वाकांक्षाही याच वस्तीच्या भाषेत बोलते. ‘होसेआर’ म्हणजे मिळेल तिथून चार पैसे काढणं. हा इंग्रजी ‘हसल’चा अवतार. ‘पुंतो’ म्हणजे माल विकायचा अड्डा. आणि त्या अड्ड्याचा मालक तो ‘बिचोते’. या शब्दाचा गुंता मोठा आहे. इंग्रजी ‘बिग शॉट’चं हे स्पॅनिश रूप, असं सहसा सांगितलं जातं. पण ‘बिचो’ हा प्युर्तो रिकोत पुरुषाच्या अवयवासाठीचा शिवराळ शब्द, आणि ‘-ओते’ हा थोरपणा दाखवणारा प्रत्यय. त्यामुळे ऐकणाऱ्याला दोन्ही अर्थ एकदमच ऐकू येतात. स्पेनमध्ये तोच ‘बिचो’ साधा किडा! आपल्याकडे ‘दादा’ म्हणजे थोरला भाऊ आणि गुंडही. तसंच बिचोतेच्या बाबतीत धाक आणि आदर वेगळे काढता येत नाहीत. गाण्यात ‘मी बिचोते’ म्हणणारा दर वेळी गुन्ह्याची कबुली देत नसतो. वस्तीत यशाचं दुसरं माप फारसं दिसतच नव्हतं.

२०२० मध्ये एका कोलंबियन गायिकेने त्याचं स्त्रीरूप केलं: ‘बिचोता’, स्वतःच्या हिमतीवर उभी असलेली बाई. अड्डा गळून पडला, तोरा राहिला. शब्द स्वच्छ झाला म्हणायचं की धुऊन फिका पडला? मला फिका वाटतो, पण बायकांनी तो हिसकावून घेतला यात मजा आहेच.

दरम्यानची वर्षं थोडक्यात. २००४ मधल्या डॅडी यांकीच्या ‘गासोलिना’ (म्हणजे पेट्रोल) या गाण्यानंतर जगभरचा बाजार खुला झाला आणि वस्ती मागे पडून नाच पुढे आला. पुढे कोलंबियातल्या मेदेयीन शहरातून गोड, प्रेमाळ चाली आल्या. २०१६ च्या सुमारास लॅटिन ट्रॅपने, म्हणजे अमेरिकन रॅपच्या ‘ट्रॅप’ शैलीच्या स्पॅनिश रूपाने, बंदूक, कर्ज, तुरुंग पुन्हा गाण्यांत आणले. २०१७ च्या चक्रीवादळाने बेट महिनोन्‌महिने अंधारात ठेवलं.

जुलै २०१९ मध्ये गव्हर्नरच्या राजीनाम्यासाठी लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा जुन्या सॅन हुआनमध्ये कॅथीड्रलच्या पायऱ्यांवर तरुण पोरंपोरी याच ठेक्यावर नाचली. पायउतार झालेला तो गव्हर्नर म्हणजे ‘मानो दुरा’ आणणाऱ्याचा मुलगा.