जुनी वाइन चांगली, पण दुकानात जुनी झालेली नव्हे

‘वाइन जितकी जुनी तितकी उत्तम’ हा समज इतका पक्का बसला आहे की मागच्या फळीवरची धूळ खाल्लेली बाटली लोक मोठ्या विश्वासाने उचलतात. तसं करू नका. बाजारातली बहुतेक वाइन काही वर्षांतच पिण्यासाठी बनवलेली असते. रोझे म्हणजे गुलाबी वाइन आणि हलक्या पांढऱ्या वाइन तर ताज्याच बऱ्या. फ्रान्समधल्या बोर्दो भागातल्या निवडक लाल वाइनसारख्या मोजक्याच दशकानुदशकं मुरतात, आणि त्याही सुमारे १२-१४ अंश सेल्सिअसच्या अंधाऱ्या जागेत.

म्हणून बाटलीआधी दुकान पाहा. काचेच्या दर्शनी कपाटात, उन्हात किंवा प्रखर दिव्याखाली ठेवलेली वाइन मी तरी घेणार नाही. प्रकाशामुळे वाइनमधल्या रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वाची गंधकयुक्त घटकांशी प्रक्रिया होते आणि उकडलेल्या कोबीसारखा वास येतो. पारदर्शक बाटलीत हे फार लवकर घडतं. उकाडाही तितकाच वाईट. बूच वर सरकलेलं किंवा गळ्याशी ओघळ दिसला, तर बाटली तापली असण्याची शक्यता असते.

दुकान आलिशान नसलं तरी चालेल. आत गारवा हवा, माल भराभर खपणारा हवा, आणि विक्रेत्याला ‘ही कधी आली, कुठे ठेवली होती?’ असं बेधडक विचारता आलं पाहिजे.