थेंब रोज, स्प्रे अधूनमधून: नेमकं उलटं

पाऊस ओसरला, रस्त्याकडेचं गाजर गवत फुलोऱ्यावर आलं, की माझ्या मेडिकलच्या काउंटरवर एक जोडी हमखास येते. यंदाची जोडी अशी: सातवा महिना लागलेली सून, नाक लाल, डोळे पाणावलेले, आणि शेजारी सासूबाई.

"ताई, ते नाकातले थेंब द्या. आणि हा स्प्रे परत घेता का? दोनदाच मारलाय."

"का हो काकू?"

"अहो, आतल्या कागदावर स्टिरॉइड लिहिलंय. पोटुशी आहे ना ती."

थेंबांची ही कितवी बाटली, असं विचारलं तर सून जमिनीकडे बघायला लागली. महिन्यातली तिसरी होती. म्हणजे डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलेलं परत चाललंय, आणि कुणीही न सांगितलेलं तिसऱ्यांदा घरी येतंय. हा घोळ मी इतक्यांदा निस्तरलाय की आता एकदा लिहूनच टाकते.

थेंबांबद्दल फार सांगायला नको. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन. प्रत्येक घरात फ्रिजच्या दारात नाहीतर औषधांच्या डब्यात एक अर्धी बाटली असतेच. दोन थेंब टाकले की पाच-दहा मिनिटांत नाक मोकळं. दुसरा तो स्टिरॉइडचा स्प्रे: बुडेसोनाइड, फ्ल्युटिकासोन, मोमेटासोन. हल्ली थेंबांचं औषधही फवाऱ्याच्या बाटलीत येतं, आणि एकाच ब्रँडच्या नावाखाली नुसतं मिठाचं पाणीही मिळतं, त्यामुळे बाटलीच्या आकारावर किंवा नावावर जाऊ नका. खाली बारीक अक्षरात छापलेलं औषधाचं नाव वाचा. "तो निळ्या झाकणाचा द्या" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी काहीच देत नाही.

आता खरी गोम. चोंदलेल्या नाकात शेंबूड साचलाय असं आपल्याला वाटतं, पण बऱ्याचदा आतल्या अस्तरातल्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात आणि वाट त्यांनी अडवलेली असते. थेंब त्या रक्तवाहिन्या आवळतात. एवढंच त्यांचं काम. परागकण नाकात शिरल्यावर जो दाह सुरू झाला, त्याला थेंब हातही लावत नाहीत. औषधाचा जोर ओसरला की वाहिन्या पुन्हा फुगतात, आणि तीन ते पाच दिवसांच्या पुढे थेंब चालू ठेवले तर आधीपेक्षा जास्त फुगतात. मग ते चोंदणं घालवायला पुन्हा थेंब. आता नाक अॅलर्जीमुळे बंद आहे की थेंबांमुळे, हे त्या नाकालाही सांगता येणार नाही.

स्प्रेचं काम याच्या उलट आहे. तो वाहिन्या आवळत बसत नाही. दाहच कमी करतो. म्हणून त्याला वेळ लागतो. पहिल्या दिवशी थोडा फरक पडला तर पडला, पूर्ण गुण यायला आठवडा, कधी दोन आठवडे. तो रोज घ्यायचा, नाक उघडं असलं तरी घ्यायचा.

आणि लोक करतात काय? थेंब रोज घेतात, महिनोन् महिने. आणि स्प्रे नाक चोंदलं की एकदा मारतात, दहा मिनिटं वाट बघतात, "काही उपयोग नाही" म्हणून कपाटात टाकतात. थेंब स्प्रेसारखे वापरायचे आणि स्प्रे थेंबांसारखा. दोन्ही औषधं वाया, आणि गुण मात्र थेंबांच्या नावावर, कारण ते लगेच कळतात.

गरोदरपणात ही अदलाबदल जास्त महागात पडते. नेहमीची सर्दी आठवड्यात जाते, त्यामुळे थेंबही आठवड्यात सुटतात. गरोदरपणात नाक महिनोन् महिने चोंदलेलं राहू शकतं, म्हणजे थेंबांची सवय लागायला मोकळं रान. शिवाय जास्त वापरले की थोडं औषध रक्तात जातंच, आणि पोटात बाळ असताना रक्तवाहिन्या आवळणारं काहीही डॉक्टर हात आखडूनच देतात. बीपी वाढलेलं असेल तर आणखीच. दिले तरी दोन-तीन दिवसांसाठी देतील, महिन्याला तीन बाटल्या नाहीत.

राहिला तो शब्द. स्टिरॉइड म्हटलं की कुणाला जिममधली पोरं आठवतात, कुणाला गोळ्यांनी चेहरा सुजलेली आत्या. पण मुदतीआधी बाळंत होण्याची शक्यता दिसली, तर आपल्या सरकारी दवाखान्यातसुद्धा 24 ते 34 आठवड्यांच्या दरम्यान आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शनं देतात: 6 मिलिग्रॅम, 12-12 तासांनी, 4 वेळा. तेही स्टिरॉइडच, आणि बाळाची फुफ्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून मुद्दाम बाळापर्यंत पोचवलेलं. याउलट नाकातल्या बुडेसोनाइडच्या एका फवाऱ्यात साधारण 64 मायक्रोग्रॅम असतात, म्हणजे एका मिलिग्रॅमचा पंधरावा-सोळावा हिस्सा, आणि तोही सगळा रक्तात जात नाही. औषधं वेगळी आहेत, त्यामुळे तराजूत घालून तुलना करता येणार नाही, पण काकूंना अंदाज यायला एवढं पुरतं.

बुडेसोनाइडचंच नाव डॉक्टर पुढे का करतात? त्याचा अनुभव सगळ्यात जास्त आहे म्हणून. दम्यासाठी हेच औषध तोंडाने ओढून घेतात. 1999 मध्ये स्वीडनच्या जन्मनोंदींवरून असा अभ्यास छापून आला, ज्यात गरोदरपणाच्या सुरुवातीला ते ओढून घेतलेल्या आयांची 2,014 बाळं होती; त्यांच्यात जन्मदोषांचं प्रमाण नेहमीपेक्षा वाढलेलं दिसलं नाही. फ्ल्युटिकासोन आणि मोमेटासोन रक्तात त्याहून कमी जातात, तीही डॉक्टर देतात. ट्रायमसिनोलोन मात्र शक्यतो टाळतात. आधीपासून चालू असलेला स्प्रे दिवस गेल्याचं कळल्यावर स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. दम्याचा पंप तर मुळीच बंद करू नका. आईला धाप लागली की बाळाचाही प्राणवायू कमी पडतो.

मी स्प्रेच्या बाजूची असले तरी एक गोष्ट कबूल करायला हवी. गरोदरपणाचं स्वतःचं एक चोंदणं असतं. साधारण पाचातल्या एकीला ते होतं, सहा आठवडे किंवा जास्त टिकतं आणि बाळंतपणानंतर दोन आठवड्यांत आपोआप जातं. त्याला पराग नको, धूळ नको. त्यावर स्टिरॉइड स्प्रेचाही फारसा उपयोग होत नाही. ओळखायचं कसं? खाजेवरून. नाक, टाळू, डोळे खाजतात, सकाळी उठल्यावर ओळीने दहा शिंका येतात, गच्चीत कपडे वाळत घालून आलं की त्रास वाढतो: ही अॅलर्जी. नुसतंच बंद, खाज नाही, शिंका नाहीत, आडवं पडलं की जास्त: हे गरोदरपणाचं. तिथे उशाशी एक उशी जास्त आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणं, एवढ्यावर भागवायचं. जलनेती करत असाल तर पाणी उकळून कोमट केलेलंच घ्या, थेट नळाचं नको. ओव्याची पुरचुंडी हुंगून बरं वाटत असेल तर खुशाल हुंगा; सूज त्याने उतरत नाही.

गोळ्यांचं थोडक्यात. लोराटाडिन किंवा सेटिरिझिन, एकटी गोळी, डॉक्टरांना विचारून: ठीक. "सर्दीची गोळी" नावाने जी मिश्रणं मिळतात ती नकोत. त्यात अॅलर्जीच्या औषधाबरोबर तापाचं औषध आणि फिनाइलएफ्रिनही असतं. तापाचं औषध ताप नसताना कशाला घ्यायचं? आणि तोंडाने घेतलेलं फिनाइलएफ्रिन नाक उघडतच नाही, असं अमेरिकेच्या औषध नियामकाच्या तज्ज्ञ समितीने 2023 मध्ये एकमताने सांगितलं. म्हणजे वाहिन्या आवळणारं औषध पोटात, आणि नाक होतं तिथेच. नाक मोकळं करायला देतात ते दुसरं औषध, स्यूडोएफेड्रिन, पहिल्या तीन महिन्यांत नकोच. अॅलर्जीच्या लशीचा कोर्स आधीच चालू असेल तर डॉक्टर बहुधा चालू ठेवतात. नवा सुरू करत नाहीत.

स्प्रे मारण्याची पद्धतही कुणी दाखवत नाही, म्हणून मी काउंटरवरच दाखवते. आधी नाक शिंकरायचं. मान मागे टाकायची नाही, किंचित पुढे झुकवायची. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, म्हणजे नळीचं तोंड आपोआप बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेला वळतं. मधल्या पडद्यावर फवारा बसला की तो कोरडा पडतो, रक्त येतं, आणि गरोदरपणात नाकातून रक्त तसंही लवकर येतं. मग खसकन ओढायचं नाही, हलकेच श्वास घ्यायचा. घशात कडू चव आली तर समजायचं, औषध नाकात थांबलंच नाही.

थेंबांच्या सवयीतून सुटायला एक युक्ती आहे, ती त्या सुनेलाही सांगितली. स्प्रे दोन्ही बाजूंना रोज सुरू करायचा, आणि थेंब आधी एकाच नाकपुडीत बंद करायचे. ती बाजू काही दिवस ठार बंद राहते, जीव नकोसा होतो, पण दुसऱ्या बाजूने श्वास घेता येतो, झोप लागते. ती मोकळी झाली की दुसरीकडचेही थेंब थांबवायचे. डॉक्टरांना फोन करून विचार, म्हटलं. त्यांनीही हेच सांगितलं.

"कोणती बाजू आधी?" तिने विचारलं.

"कोणत्या कुशीवर झोपतेस?"

"डाव्या."

"मग डावी. तशीही ती रात्री बंदच असते."